पर्पल मार्टिनची वसाहत वसवताना: डॅलसजवळच्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

डॅलसच्या उत्तरेला गेल्या काही वर्षांत जी नवी उपनगरं उभी राहिली, त्यांतल्या एकातलं हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून नावं, गल्ली, नोकरी सगळं गाळलं आहे. मुलीच्या नात्याने आई, बाबा आणि आजी एवढंच म्हणतो. आजी मिरजेच्या, दर वर्षी काही महिने लेकाकडे येऊन राहतात. घरामागे लोखंडी गजांचं कुंपण, त्यापलीकडे पावसाचं पाणी साठवण्यासाठी केलेलं तळं आणि तळ्याभोवती मोकळं गवत. मी स्वतः बरीच वर्षं मार्टिनची वसाहत सांभाळतो, म्हणून एका परिचितामार्फत हे कुटुंब माझ्याकडे आलं आणि पुढचा सगळा प्रवास मला जवळून पाहता आला.

पर्पल मार्टिन हा उत्तर अमेरिकेतला भिंगरीच्या कुळातला सर्वांत मोठा पक्षी. हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर ओळीने बसणाऱ्या माळभिंगरीचा थोराड भाऊबंद. लांबी वीसेक सेंटिमीटर, वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम. पुरा वाढलेला नर उन्हात निळा-जांभळा चमकतो. माद्या आणि एक वर्षाचे तरुण नर पोटाकडून मळकट राखाडी दिसतात. हिवाळा ब्राझीलमध्ये काढून हे पक्षी उत्तरेला येतात. टेक्ससच्या दक्षिण टोकाला जानेवारीत, डॅलसकडे फेब्रुवारीत, आणि पेनसिल्व्हेनियासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिलमध्ये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीवर छोटं नोंदयंत्र बसवलेली एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून पेनसिल्व्हेनियात अवघ्या १३ दिवसांत परतल्याचं दिसलं होतं.

रॉकी पर्वतांच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ फक्त माणसाने लावलेल्या घरांतच घरटी करतो. पश्चिमेकडे सुतारपक्ष्यांच्या जुन्या ढोल्या अजून वापरात आहेत, पूर्वेकडे मात्र ती सवय मोडली. या नात्याची सुरुवात मूळ अमेरिकी लोकांनी केली. चॉक्टॉ आणि चिकासॉ लोक वाळवलेले पोकळ भोपळे काठ्यांना टांगत आणि मार्टिन त्यांत राहत. पक्षिनिरीक्षक अलेक्झांडर विल्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलं आहे. तो भोपळा म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याचीच जात. मिरजेच्या तंबोऱ्यांना पंढरपूरकडून जे भोपळे येतात, तेही त्याच जातीचे. आजींना हे कळलं तेव्हा या परक्या पक्ष्याविषयी त्यांना पहिल्यांदा आपुलकी वाटली, असं त्यांनीच मला सांगितलं.

कुटुंबाला मार्टिन हवे होते ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. तळ्यामुळे डास फार. २०१२ साली डॅलस परिसरात वेस्ट नाईल विषाणूची मोठी साथ येऊन गेली होती, विमानातून फवारणी करावी लागली होती, आणि शेजारपाजारचे लोक अजून त्याबद्दल बोलत. बाबांनी कुठेतरी वाचलं की एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो. हा आकडा १९६०च्या दशकात पक्ष्यांची घरं विकताना जोरात पसरवला गेला आणि अजून मरत नाही. मार्टिन दिवसा, उंचावर शिकार करतो. डास बहुतेक संधिप्रकाशात आणि जमिनीलगत असतात. मार्टिनच्या पोटात आणि घरट्यात सापडतात ते चतुर, भुंगे, माश्या, पतंग, उडत्या मुंग्या. डास त्यात नावालाच. पहिल्याच भेटीत मी हे स्पष्ट सांगितलं. डास कमी करायचे तर अंगणातल्या कुंड्यांच्या बशा रिकाम्या करा, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूंच्या गोळ्या टाका. पक्षी त्यासाठी आणू नका. बाबा थोडे हिरमुसले. आई आणि मुलगी मात्र तोवर पक्ष्यातच अडकल्या होत्या.

अडचण

माझी गाठ पडण्याआधी, २०२० च्या वसंतात, त्यांनी दुकानातून बारा खोल्यांचं ॲल्युमिनियमचं घर आणून लावलं होतं. खांब जेमतेम आठ फूट, तोही पॅटिओजवळच्या लाइव्ह ओकच्या फांद्यांखाली, कारण तिथे सावली होती आणि खुर्चीत बसून बघता आलं असतं. खोल्या सहा बाय सहा इंच, दारं गोल.

आठवड्याभरात चिमण्या आल्या. एप्रिलपर्यंत बाराही खोल्यांत गवत, चिंध्या, प्लास्टिकचे तुकडे. एका खोलीत चिमण्यांनाही हुसकून स्टारलिंग शिरले. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, चोचीचा फार जोर असलेला पक्षी. मार्चमध्ये दोन-तीन काळेभोर मार्टिन घराभोवती घिरट्या घालून गेले, पण टेकले नाहीत.

त्यात आश्चर्य नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारे मार्टिन हे मोठे, म्हणजे पुरे वाढलेले, पक्षी असतात, आणि मोठा पक्षी आदल्या वर्षी जिथे पिल्लं वाढवली त्याच जागी परततो. नव्या जागेवर वस्ती करतात ते एक वर्षाचे तरुण पक्षी, आणि ते येतात मोठ्यांनंतर कित्येक आठवड्यांनी. डॅलसकडे साधारण एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो फेब्रुवारीत दारं उघडतो, मार्च सरला की निराश होतो, आणि खरे भाडेकरू येण्याच्या सुमाराला त्याच्या घरात चिमण्यांची दुसरी वीण चालू असते.

म्हणजे अडचणी तीन होत्या. जागा चुकीची: मार्टिनला उडत येऊन उडत जायला चहूबाजूंनी मोकळं आकाश लागतं, झाडं निदान चाळीस-साठ फूट दूर. घर चुकीचं: उथळ खोलीत घुबडाचा पंजा पोहोचतो, पावसाचं पाणी घरट्यापर्यंत येतं, आणि गोल दारातून स्टारलिंग सहज आत जातो. तिसरी अडचण चिमण्यांची, आणि या प्रकरणाचा खरा पेच तिथेच होता.

विचारात घेतलेले पर्याय

एका पावसाळी शनिवारी आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळे मार्ग मांडले. पहिला मार्ग, मार्टिनचा नादच सोडायचा. दुसरा, ब्लूबर्डसाठी एक छोटी पेटी लावून समाधान मानायचं. पण तिच्यातही चिमण्या शिरतातच. तिसरा, जवळच्या सार्वजनिक उद्यानात मार्टिनची घरं होती, तिथे स्वयंसेवक म्हणून काम करायचं. हा तिसरा पर्याय मला फार चांगला वाटतो आणि मी तो बहुतेकांना आधी सुचवतो: एक हंगाम दुसऱ्याच्या वसाहतीत काढला की आपल्याला हे जमेल का, ते कळतं. आई आणि मुलगी २०२१ मध्ये तिथे जाऊ लागल्या. चौथा मार्ग, स्वतःच्या अंगणात सगळं नव्याने उभारायचं. त्यांनी तिसरा आणि चौथा दोन्ही धरले.

घर की भोपळे, यावर फार चर्चा झाली नाही. आता प्लास्टिकचे, पांढरे, चंद्रकोरीच्या आकाराच्या दाराचे भोपळे मिळतात. दाराची उंची तीन सेंटिमीटर, रुंदी त्याच्या अडीचपट. मार्टिन आडवा होऊन आत सरकतो, स्टारलिंगची छाती अडते. पांढऱ्या रंगामुळे ऊन परतवलं जातं. आजींना वाटत होतं की मिरजेहून बी आणून खरे भोपळे लावावेत. भाजीच्या लांबट दुधीची साल वाळल्यावर पातळ राहते, पक्ष्याला चालेल असं गोल, जाड सालीचं वाण वेगळं असतं, म्हणून तो विचार मागे पडला.

खांबाच्या जागेसाठी मात्र एचओएची, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी लागणार होती, आणि त्यात २०२१ चा वसंत गेला. पहिला अर्ज उंचीच्या नियमावर बोट ठेवून नाकारला गेला. दुसऱ्या अर्जाला आईने नकाशा, उतरवता येणाऱ्या खांबाचं चित्र, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या आणि ऑगस्टअखेर खांब काढून ठेवण्याची हमी जोडली. तो मंजूर झाला. शेजाऱ्यांच्या सह्या घेण्यासाठी तिने घरोघरी जाऊन पक्ष्याची माहिती दिली, आणि पुढे पहाटेच्या आवाजाचा प्रश्न आला तेव्हा ती ओळख उपयोगी पडली.

ते वर्ष रिकामं गेलं याचं मला दुःख नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससवर जी थंडी कोसळली, तीत डॅलसला पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत उतरला. मार्टिन फक्त उडते किडे खातो; थंडीत किडे उडेनासे झाले की तो उपाशी राहतो, आणि चार-पाच दिवस सलग तसे गेले की मरतो. त्या आठवड्यात टेक्सस आणि लुइझियानात लवकर पोहोचलेले बरेच मार्टिन गेले. उद्यानातल्या घरांतून मेलेले पक्षी काढण्याचं काम आई आणि मुलीने इतर स्वयंसेवकांबरोबर केलं. काही जण उरलेल्या पक्ष्यांसाठी रातकिडे आणि शिजवलेल्या अंड्याचे तुकडे चमच्याने हवेत उडवत होते. मार्टिन जमिनीवरून खात नाही, पण हवेतून येणारा घास झेलायला शिकतो. हे शिकलेले पक्षी जगले. त्या अनुभवानंतर मुलगी या कामाकडे खेळ म्हणून बघेनाशी झाली.

निर्णयाचा मुख्य मुद्दा: चिमण्या

मराठी घरात चिमणीशी वैर धरणं सोपं नाही. मूल बोलायला लागतं ते चिऊ-काऊपासून. त्यात आपल्या शहरांतून चिमण्या कमी झाल्याची हळहळ सगळ्यांना आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिनही पाळला जातो. आजी मिरजेच्या गॅलरीत चिमण्यांसाठी खोकी टांगतात. डॅलसला आल्यावर त्या रोज सकाळी पॅटिओवर मूठभर बाजरी टाकत आणि त्यांना वाटे, इथे निदान चिमण्या तरी आपल्या ओळखीच्या आहेत.

"दाराशी आलेल्या चिमणीला कुणी हाकलतं का?" त्या मला म्हणाल्या.

मी त्यांना एवढंच सांगितलं की ही चिमणी इथली नाही. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये माणसांनी ती युरोपातून आणून सोडली. स्टारलिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले. दोघेही ढोलीत घरटं करणारे, बारा महिने इथेच राहणारे, म्हणून दक्षिण अमेरिकेहून मार्टिन येईपर्यंत जागा पटकावून बसलेले. चिमणा नर ढोलीसाठी मार्टिनची अंडी फोडतो, पिल्लांना टोचून मारतो. इथल्या कायद्यानेही हा फरक मानला आहे: १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याचं संरक्षण मार्टिनला आहे, या दोघांना नाही. मार्टिनला दार उघडून द्यायचं आणि चिमण्यांकडे डोळेझाक करायची, म्हणजे पाच हजार मैलांवरून आलेल्या पक्ष्याला सापळ्यात बोलावणं. माझं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे: चिमण्या आवरण्याची तयारी नसेल तर घर लावूच नये. चिमण्यांची पैदास वाढवणाऱ्या रिकाम्या घरापेक्षा मोकळं अंगण बरं.

मार्ग बरेच होते. सर्वांत सौम्य म्हणजे आमिष काढून घेणं. चिमणीला भरड मका आणि बाजरीसारखी बारीक धान्यं फार आवडतात. स्वस्त बर्डफीडमध्ये तेच असतं. त्यापुढचा उपाय म्हणजे मार्टिन दिसेपर्यंत सगळी दारं बुचांनी बंद ठेवणं. मग चिमण्यांची घरटी सतत काढणं, पण यात धोका आहे: घरटं मोडलेला नर चवताळतो आणि शेजारच्या खोल्यांतल्या मार्टिनच्या अंड्यांवर राग काढतो. आणखी एक उपाय म्हणजे चिमण्यांची अंडी काढून त्या जागी लाकडाची खोटी अंडी ठेवणं. मादी त्यांवर आठवडेच्या आठवडे बसते आणि जोडी गुंतून राहते. शेवटचा मार्ग सापळ्याचा. पकडलेली चिमणी दूर नेऊन सोडणं हा उपाय नाही, तो त्रास दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे; म्हणून सापळा लावायचा तर पक्षी मारायची तयारी ठेवूनच.

आजी डॅलसला असेपर्यंत चिमण्या मारायच्या नाहीत, असं घरात ठरलं. बाजरी बंद झाली. बाबांनी फीडरमध्ये करडई भरली, कारण करडई कार्डिनल या इथल्या पक्ष्याला आवडते आणि चिमण्यांना फारशी नाही. शिवाय आईने कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, कमी उंचीवर, चिमण्यांसाठी वेगळी पेटी लावून तीत खोटी अंडी ठेवायचं ठरवलं. या पेटीला माझा विरोध होता. तिने एक जोडी गुंतते हे खरं, पण पेटी बघून आणखी चार जोड्या येतात. आईचं म्हणणं, आजींसमोर घरातली भांडणं टाळायची तर हा मध्यम मार्ग हवा. निर्णय त्यांचा होता.

काय केलं

२०२२ च्या फेब्रुवारीत खांब उभा राहिला: चौदा फूट, कप्पीने खाली घेता येणारा, तळ्याच्या बाजूला कुंपणालगत. घरापासून सुमारे पस्तीस फूट, ओकपासून त्याहून जास्त. मार्टिन माणसाच्या जवळ राहणं पसंत करतो; वर्दळ असली की शिकारी पक्षी लांब राहतात. आठ भोपळे टांगले, सगळ्यांना बुचं.

एप्रिलच्या सुरुवातीला बाबांनी पहाटेचं गाणं लावायला सुरुवात केली. मोठे मार्टिन नर अंधारात, सूर्योदयाच्या बरंच आधी उंच उडत गातात आणि त्या आवाजाने तरुण पक्षी वसाहतीकडे ओढले जातात. त्याचं ध्वनिमुद्रण मार्टिनप्रेमींमध्ये सर्रास वापरतात. स्पीकरचं तोंड तळ्याकडे, आवाज बेताचा, वेळ पहाटे चार ते सहा. डावीकडच्या शेजाऱ्याची खिडकी उघडी असते हे कळल्यावर त्यांनी स्पीकर आणखी खाली आणला.

एप्रिल संपता संपता राखाडी पोटाचे दोन तरुण पक्षी एका भोपळ्यावर उतरले. त्याच सकाळी आईने चार भोपळ्यांची बुचं काढली, सगळ्यांची नाही. एकदम आठ दारं उघडली असती तर निम्मी चिमण्यांनी घेतली असती. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन जोड्या पक्क्या झाल्या. मुलगी तळ्याकाठचा चिखल ओला ठेवी आणि अंड्यांची कवचं भाजून, चुरून एका बशीत ठेवी. मादीला अंड्यांसाठी कॅल्शियम लागतं. मार्टिन काटक्या, चिखल रचतो आणि अंडी घालायच्या सुमाराला वर हिरवी पानं अंथरतो. एका घरट्यात पाच अंडी झाली, दुसऱ्यात चार. पंधरा-सोळा दिवसांत पिल्लं बाहेर आली.

दर पाच-सहा दिवसांनी भोपळे खाली घेऊन तपासायचे, असा नियम होता. नवख्यांना याची भीती वाटते. माणसाचा हात लागला म्हणून मार्टिन पिल्लांना टाकत नाही; तपासणी न केलेल्या घरांतच उवा, ओलं घरटं, मेलेलं पिल्लू असं काही महिनाभर कळत नाही. फक्त पिल्लं बावीस दिवसांची झाली की भोपळा उघडायचा नाही, नाहीतर ती घाबरून वेळेआधी उडी मारतात.

जूनमध्ये एका सकाळी मुलीला एका भोपळ्याच्या दारातून शेपटी लोंबताना दिसली. टेक्सस रॅट स्नेक, सहज चार फुटांचा, आत वेटोळं घालून. पाचही पिल्लं गेली होती. हा साप बिनविषारी आहे, उंदीर खातो, आणि गुळगुळीत खांबावरसुद्धा चढतो. खांबाला संरक्षक नळकांडं बसवायचं राहून गेलं होतं. विकत आणलं होतं, गॅरेजमध्ये पडून होतं. बाबांनी भोपळा खाली घेऊन साप लांब काठीने पोत्यात घातला, तळ्यापलीकडच्या ओढ्यात सोडला, आणि दुपारच्या आत आठ इंच व्यासाचं, तीन फूट लांब पत्र्याचं नळकांडं खांबावर चढवलं. कुणीतरी खांबाच्या पायथ्याशी जाळी गुंडाळायचं सुचवलं होतं. जाळीत साप अडकून तडफडून मरतात, म्हणून आईने नकार दिला आणि मला तो बरोबर वाटला.

दुसऱ्या घरट्यातली चारही पिल्लं महिन्याभराची होऊन उडाली.

पुढचं वर्ष आणि सापळा

२०२३ च्या फेब्रुवारीअखेर जांभळा चमकणारा एक नर थेट त्याच भोपळ्यावर येऊन बसला. मोठा पक्षी परतला म्हणजे जागा वसाहत म्हणून मान्य झाली. मेपर्यंत चार जोड्या होत्या.

आणि मेमध्येच एका तपासणीत तीन अंडी टोचलेली मिळाली, वर चिमणीने आणलेलं गवत. खोट्या अंड्यांच्या पेटीभोवती तोवर बऱ्याच चिमण्या जमल्या होत्या. आईने ती पेटी त्याच दिवशी काढून टाकली. आजी तेव्हा मिरजेला होत्या. बाबांनी त्या भोपळ्यात आतून बसणारा सापळा लावला आणि दुसऱ्या दिवशी नर पकडला गेला. तिथून मैलभरावर जखमी ससाणे-घुबडांची शुश्रूषा करणारं एक केंद्र आहे. अशी केंद्रं चिमण्या खाद्य म्हणून घेतात. बाबा तिथे घेऊन गेले. मुलगी बरोबर गेली नाही.

रविवारच्या फोनवर आईने आजींपासून काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पटलं असं मी म्हणणार नाही." त्या हंगामात असे आणखी काही नर पकडावे लागले. उरलेल्या तीन जोड्यांची पिल्लं सुखरूप उडाली, आणि टोचलेली अंडी काढल्यावर चौथ्या जोडीनेही पुन्हा अंडी घातली.

परिणाम

२०२४ मध्ये आठपैकी सात भोपळे भरले. जूनच्या उन्हात दोन पिल्लं वेळेआधी खाली पडली, ती आपापल्या भोपळ्यात परत ठेवली आणि जगली. भोपळ्यांना वायुवीजनाची भोकं वाढवावी लागली. जुलैअखेर अंगण रिकामं झालं; या काळात मार्टिन हजारोंनी एकत्र रात्र काढतात, ऑस्टिनमध्ये तर मॉलच्या पार्किंगमधल्या झाडांवर, आणि पहाटे ते उडाले की हवामान खात्याच्या रडारवर कड्यासारखे उमटतात. हे कुटुंब मुद्दाम ते बघायला गेलं होतं. डास होते तेवढेच राहिले, बशा रिकाम्या करण्याने जेवढे कमी झाले तेवढेच.

काय वेगळं करता आलं असतं

नळकांडं खांबाबरोबरच बसायला हवं होतं. हे इतकं उघड आहे की त्यावर जास्त लिहीत नाही. खांब उभा करताना ज्याच्या हातात नळकांडं नाही, त्याने त्या दिवशी खांब उभा करू नये.

चिमण्यांच्या पेटीचा प्रश्न अधिक अवघड. निव्वळ पक्ष्यांचा विचार केला तर ती लावायलाच नको होती, आणि तीन अंडी त्या निर्णयाची किंमत होती. पण घरातलं वृद्ध माणूस ज्या कामाला मनापासून विरोध करतं, ते काम पहिल्याच वर्षी रेटलं असतं तर बहुधा सगळाच उद्योग बंद पडला असता. मला वाटतं, मधला रस्ता पेटीऐवजी वेळेत शोधायला हवा होता: पहिल्या वर्षी दोनच भोपळे उघडायचे, घरात सतत कुणीतरी लक्ष ठेवणारं असेल तेवढेच, आणि सापळ्याचा निर्णय अंडी फुटण्याआधी, शांतपणे, आजींसह बसून घ्यायचा. तो निर्णय आणीबाणीत झाला, म्हणून मुलीलाही जड गेला.

उद्यानातल्या स्वयंसेवेपासून सुरुवात केली असती तर २०२० चं ॲल्युमिनियमचं घर विकत घेतलंच नसतं. त्या घरातून एका हंगामात किती चिमण्या वाढल्या असतील, ते मोजलेलं नाही, पण बारा खोल्या आणि दोन-तीन विणी हे गणित कुणालाही करता येईल.

राहिला एक प्रश्न, जो अजून पूर्ण सुटलेला नाही. बाबांची बदली होण्याची शक्यता आहे. मार्टिन मोठा झाला की वर्षानुवर्षं त्याच खांबावर परततो. पुढच्या घरमालकाने खांब काढला तर फेब्रुवारीत आलेल्या पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही. आईने उजवीकडच्या शेजाऱ्यांशी बोलणं केलं आहे. तेही तळ्याकाठीच राहतात, आणि गेल्या हंगामात तपासणीला त्यांचा मुलगा येत होता. ठरलं असं की घर विकायची वेळ आली तर खांब आणि भोपळे त्यांच्या अंगणात, आत्ताच्या जागेपासून साधारण तीस फुटांवर, पक्षी परतण्याआधी हलवायचे. एवढं अंतर पक्षी सहज स्वीकारतात. एचओएकडे त्यांच्या नावाचा अर्ज नोव्हेंबरमध्येच द्यायचा आहे, सापळा आणि बुचं कशी वापरायची ते त्या मुलाला शिकवणं चालू आहे, आणि तपासणीची वही आता दोन्ही घरांत मिळून भरली जाते.